डॉक्टरसाहेबांचं वकीलपत्र

५ जुलै

डॉक्टरसाहेब,

तुमचं पत्र मिळालं. लग्नानंतर इतक्या वर्षांत तुम्ही मला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. पाकिटावरचं अक्षर ओळखलं, आधी घाबरलो, मग खुर्ची ओढून बसलो आणि मगच ते फोडलं. सगळे सुखरूप आहेत असं पहिल्याच ओळीत दिसलं तेव्हा जिवात जीव आला. दुसऱ्या ओळीपासून तुम्ही नेहमीसारखे सुरू झालात, तेव्हा तर खात्रीच पटली.

तुमच्या घरात मला 'भोंगा' म्हणतात हे मला साखरपुड्यापासून ठाऊक आहे. आज त्या भोंग्याशी काम निघालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

तुमचं म्हणणं असं: चिंगीचा इथल्या सरकारी रुग्णालयाशी असलेला करार महिनाअखेर संपतोय. तिने पुन्हा सही करायच्या आत मी तिचं मन वळवावं आणि तिला परत आणावं. तुमच्या रुग्णालयातला भूल विभाग तिच्या हाती सोपवायला तुम्ही तयार आहात. मात्र हे तुम्ही सुचवलंय असं तिला कळता कामा नये. माझीच इच्छा म्हणून मी ते मांडायचं. 'छापखान्याच्या कामगारांना एका भाषणात संपावर नेलंत, आणि एका बायकोला घरी आणता येत नाही?' हे वाक्य मात्र झकास आहे. ते मी कधीतरी चोरणार.

वकीलपत्र घेतलं, डॉक्टरसाहेब. पण एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण मी कुणाची बाजू घेतो तेव्हा डोळे उघडे ठेवून घेतो. त्या दिवशी तुमच्या शस्त्रक्रियागृहात जे घडलं त्यात मी तिच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. तुमचे एक दोस्त टेबलावर झोपलेले, तुम्ही हात धुऊन तयार, बाहेर त्यांचे अर्ध्या गावाइतके नातेवाईक, आणि चिंगीने त्यांच्या छातीला नळी लावून म्हटलं, "आज नाही. आठ दिवसांनी." तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "माझ्या टेबलावर मला नाही म्हणणारी तू कोण?" चिंगी तुमच्या रुग्णालयातून बाहेर पडली ती थेट इथे आली. ते गृहस्थ दुसरीकडे गेले, त्याच आठवड्यात कापून घेतलं आणि ठणठणीत घरी आले, हे तुम्ही या पत्रातही पुन्हा ऐकवलंय. मान्य. पण वाहत्या रस्त्यावर डोळे मिटून पलीकडे पोचलेला माणूस हा रस्ता ओलांडण्याचा आदर्श होत नाही. इतकंच बोलतो. वकिलाने अशिलाशी भांडू नये म्हणतात.

आता माझा स्वार्थ. मला परत यायचंय. इथे आम्हाला रुग्णालयाच्या मागे दोन खोल्या मिळाल्यात. पुढच्या खोलीच्या खिडकीतून दिवसभर वाळत घातलेल्या हिरव्या चादरी दिसतात. भिंती कोरड्या आहेत, नळाला पाणी आहे, तक्रारीला जागा नाही. पण ज्याने वीस वर्षं माईकसमोर उभं राहून पोट आणि मान दोन्ही मिळवले, तो मी इथे मुका आहे. राज्य बदललं, भाषा बदलली. किराणावाल्याकडे मी बोटाने वस्तू दाखवतो आणि लहान मूल शहाणं वागल्यासारखं तो माझं कौतुक करतो. सोबत आणलेली पुस्तकं पहिल्या हिवाळ्यातच दोनदा वाचून झाली. संघटनेच्या सभा तिकडे माझ्याविना होतात, आणि चांगल्या होतात असं ऐकतो. हे जास्त लागतं.

तेव्हा काळजी नसावी. लवकरच बोलतो तिच्याशी.

तुमचा,
भोंगा

१४ जुलै

डॉक्टरसाहेब,

'काय झालं?' एवढ्या दोनच शब्दांचं पत्र पाठवायला तुम्ही पूर्ण तिकीट लावलंत, त्यावरून घाई कळली.

बोललो. म्हणजे बोलायला सुरुवात केली. ती भाजी चिरत होती.

"तुला कधी वाटतं का गं, परत जावं?"

"तुला वाटतं?"

"मी तुला विचारलं."

"माझ्या हातात सुरी आहे. सरळ बोल."

मी म्हटलं, काही नाही, सहज. आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तुम्ही क्ष-किरणाचा फोटो उजेडाला धरून पाहता. वक्त्याला समोरच्याचा चेहरा वाचता यावा लागतो, डॉक्टरसाहेब. आमच्या घरात ही कला दोघांपैकी एकालाच येते आणि तो मी नाही.

दुसरी अडचण सांगतो. मी रोज दुपारी तिचा डबा घेऊन जातो आणि शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर बसतो. वकिलाने पुरावा पाहू नये. तो पाहिला की वकिली पातळ होते.

इथे कायमचा सर्जन नाही. मोठ्या शहरातून एक गृहस्थ आठवड्यातून दोनदा येतात. हात चांगला, स्वभाव घाईचा, तुम्हाला आवडतील. मागच्या खेपेला दार अर्धं उघडं होतं म्हणून सगळं ऐकलं; जे कळलं नाही ते चिंगीकडून नंतर समजून घेतलं. आतड्याला पीळ पडलेली एक म्हातारी होती. सर्जन म्हणाले, "मॅडम, चला, देऊन टाका भूल. मी उजाडायच्या आधी घरून निघालोय."

चिंगी म्हणाली, "मग चहा घ्या."

"चहा?"

"हिच्या अंगातलं पाणी संपलंय. आत्ता झोपवली तर उठणार नाही. सलाईन जाऊ द्या, लघवी होऊ द्या. तोवर चहा घ्या. बिस्किटं थोरल्या सिस्टरांच्या कपाटात आहेत."

मी बाकावर मूठ आवळून बसलो. म्हटलं, आता होणार तेच! माझ्या टेबलावर वगैरे. तर ते गृहस्थ बाहेर आले, माझ्याशेजारी बसले आणि चहा प्यायले. दोन कप. वर मला म्हणाले, "तुमच्या घरातही असंच चालतं का हो?" मी म्हटलं, "घरात बिस्किटंही मिळत नाहीत." आमचं हे बोलणं अर्धं खुणांनी झालं, पण नवऱ्यांना एकमेकांचं बरंच कळतं. म्हातारी सध्या वॉर्डात आहे आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईशी पंख्यावरून भांडते.

आणि भाषेचं ऐका. मी इथली भाषा शिकायला व्याकरण मागवलं. ते अजून कोरं आहे. चिंगीने नमस्कार-चमत्कार शिकण्याच्या आधी तीन गोष्टी शिकून घेतल्या: दुखतंय का, श्वास घ्या, झालं. बाकी सगळं त्यांच्याभोवती आपोआप गोळा झालं. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी ती प्रत्येक रोग्याच्या खाटेवर जाऊन बसते. खाटेवर, डॉक्टरसाहेब, खुर्चीवर नाही. म्हणते, "उद्या मी तुमच्या उशाशी असेन. तुम्ही उठेपर्यंत हलणार नाही." आणि हलत नाही. सर्जन टाके घालून, हात पुसून, गाडीत बसून निघून जातात. ही त्या माणसाची हनुवटी धरून तिथेच उभी. तो डोळे उघडून बायकोचं नाव घेईपर्यंत. एकाने भलत्याच बाईचं नाव घेतलं, तेव्हा थोरल्या सिस्टर हसून हसून भिंतीला टेकल्या आणि हिने गंभीरपणे सांगितलं, "हे या खोलीबाहेर जाणार नाही." तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही खोलीबाहेरचे नाही.

आयुष्यभर मी व्यासपीठावरून ओरडत आलो की सत्ता ही खुर्चीत नसते, कामात असते. लोक टाळ्या वाजवायचे. माझा स्वतःचा त्यावर किती विश्वास होता, हे मला आता तपासावं लागतंय.

तरी बोलेन. महिना अजून संपलेला नाही.

भोंगा

२३ जुलै

डॉक्टरसाहेब,

तुमचं काम बिघडलं. कसं बिघडलं ते सविस्तर सांगतो. ऐकून घ्या आणि मग हव्या तितक्या शिव्या घाला.

मागच्या मंगळवारी सकाळी एका सुताराला आणलं. तिशीतला गडी. कारखान्यात फरशीवर झोपला होता, पहाटे पोटात दुखलं म्हणून उठला, अंगावर कुठे सूज नाही, खूण नाही. पापण्या जड झाल्या, मग जीभ, मग मान. रुग्णालयात पोचेपर्यंत श्वास थांबत आला होता. मण्यार. तुम्हाला मी काय सांगणार. पण मला त्या दिवशी कळलं की या सापाचं विष माणसाला मारत नाही, फक्त त्याचे सगळे स्नायू एकेक करून बंद करतं. श्वास कुणीतरी चालू ठेवला तर माणूस जसाच्या तसा परत येतो.

चिंगीने नळी घातली, औषध सुरू केलं. पण श्वासाची दोन यंत्रं; एकावर रोगी, दुसरं दुरुस्तीला गेलेलं. मग रबरी फुगा. तो हाताने दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. सुताराचा मेहुणा, भाऊ, शेजारी, सगळे पाळी लावून उभे.

दुपारी दुसऱ्या वॉर्डातले तरुण डॉक्टर आले. त्यांनी पापण्या उघडून बॅटरी मारली, बाहुल्या हलल्या नाहीत, आणि हळूच म्हणाले, "मॅडम, यात काही उरलेलं नाही. घरच्यांना सांगायला हवं."

मला हे बोलणं चिंगीने नंतर मराठीत सांगितलं, पण घरच्यांना भाषा कळत होती. फुगा दाबणारा हात थांबला.

"दाब!" चिंगी ओरडली. लग्नानंतर मी तिचा चढा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मग ती तरुण डॉक्टरांकडे वळली, आणि आवाज पुन्हा खाली. "बाहुलीलाही स्नायू असतो. तोही झोपलाय. हा मेलेला नाही. हा आत आहे आणि आपलं सगळं बोलणं ऐकतोय."

"कशावरून?"

तिने सुताराच्या बायकोला उशाशी बोलावलं. "याला हाक मार." बाईने नवऱ्याला हाक मारली. पडद्यावरचा नाडीचा आकडा चढला. सरसर चढला, डॉक्टरसाहेब! दगडासारखा पडलेला माणूस, ना बोट हलत ना पापणी, आणि बायकोच्या हाकेसरशी काळीज धावत सुटलेलं. त्या तरुण डॉक्टरांनी खाली वाकून रोग्याच्या कानात सांगितलं, "भाऊ, माफ करा." त्यांचंही मला कौतुक वाटलं.

मी डबा घेऊन दारात उभा होतो. चिंगीचं लक्ष गेलं. "ये आत. बस इथे. त्याच्याशी बोल."

"मी? मला कुठे भाषा येते?"

"बायको रडतेय, त्याने त्याची नाडी पळतेय. त्याला शांत आवाज हवाय. तुला येतं ते बोल. मराठीत बोल."

मी घसा साफ केला आणि सवयीने म्हणालो, "मित्रहो..."

"सभा नकोय," ती म्हणाली. "पोराला थोपटताना बोलतात तसं बोल."

टाळ्या न वाजवणारा श्रोता मला माहीत आहे. उठून न जाणारा, जांभई न देणारा, होकार-नकार काहीच न देऊ शकणारा श्रोता आयुष्यात पहिल्यांदा भेटला. काय बोलणार? मी त्याला खिडकी सांगितली, चादरी सांगितल्या. छापखान्यात कागद कसा कापतात ते सांगितलं. मग पाढे म्हटले. एकोणतीसच्या पाढ्यात अडकलो तेव्हा आकडा चक्क खाली आला होता, म्हणून परत पहिल्यापासून म्हटला. माझ्या सगळ्या वक्तृत्वात इतका परिणाम कशाचा झालेला नाही.

मग विषय संपले. आणि विषय संपले की माणूस घरावर येतो. मी त्याला तुमच्याविषयी सांगू लागलो. कधी नव्हे ते मन मोकळं केलं. मला वाटलं, खोलीत मराठी कुणाला कळतंय? म्हातारा हट्टी आहे म्हटलं, हात सोन्याचा आणि जीभ करवतीची म्हटलं. मुलीवर जीव आहे, पण तो दाखवायचा म्हणजे जणू कुणी सातबारा मागतंय असं तोंड करतो म्हटलं. आणि आता मला वकील नेमलाय, म्हटलं. मुलीला गुपचूप परत आणायची सुपारी दिलीय, भूल विभाग देतो म्हणतो, करारावर सही व्हायच्या आत. मलाही जायचंय रे बाबा, पण हिला इथे पाहतो आणि तोंड उघडत नाही. सांग, मी काय करू?

आणि मग लक्षात आलं. खोलीत मराठी येणारी आणखी एक व्यक्ती होती. ती माझ्या मागे, नाडीवर बोट ठेवून, उभी होती.

मी थांबलो. मान वळवायची हिंमत झाली नाही.

"चालू ठेव," मागून चिंगी म्हणाली. "आकडा छान खाली आलाय."

मी पुन्हा पाढे धरले.

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. मधल्या वेळात ती फक्त चेहरा धुवायला हलली. शुक्रवारी सुताराच्या पायाचा अंगठा हलला, शनिवारी डोळे उघडले. काल नळी काढली. त्याने पहिला प्रश्न बायकोला विचारला, दुसरा चिंगीला. चिंगीने मला मराठीत सांगितला: "तो विचारतोय, उशाशी बसलेला तो माणूस कुणावर इतका चिडला होता?"

तुमच्यावर, डॉक्टरसाहेब. पण मी त्याला खोटंच सांगितलं. म्हटलं, एकोणतीसच्या पाढ्यावर.

सुपारीबद्दल चिंगी घरी आल्यावरही काही बोललेली नाही. तिने अंघोळ केली, जेवली, झोपली. मी अजून वाट पाहतोय.

भोंगा

२७ जुलै

डॉक्टरसाहेब,

काल सकाळी चहाच्या वेळी तिने तोंड उघडलं. मी भांडणाची पूर्ण तयारी केली होती. बचावाचे मुद्देही योजून ठेवले होते. तिने एकच विचारलं.

"बाबांना काय होतंय?"

"म्हणजे?"

"त्यांनी मला परत बोलावलं, तेही तुझ्यामार्फत. तुझ्यामार्फत! बाबा तुझ्याकडून पेनसुद्धा उसनं घेणार नाहीत. त्यांना काहीतरी होतंय. आईला फोन लाव."

मी तुमची तीन पत्रं पुन्हा पुन्हा वाचली होती. मला त्यात अहंकार दिसला, प्रेम दिसलं, विनोदही दिसला. आजार दिसला नाही. तिने एकही पत्र वाचलं नव्हतं.

आई आधी 'काही नाही गं, वय झालं' म्हणत राहिल्या. मग रडल्या. मग सगळं सांगितलं. पित्ताशयात खडे आहेत, वर्ष होत आलं. कळ येते तेव्हा तुम्ही पोट धरून उशीत तोंड खुपसता. तुमच्या हाताखाली शिकलेले दोघं सर्जन येऊन हात जोडून गेले. रोज इतरांचं जे तुम्ही काढता, ते स्वतःचं काढू देत नाही. आणि तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत तेही आईंनी सांगितलं. "कापायला कुणीही चालेल. उशाशी कोण उभं राहणार ते सांगा."

चिंगीने फोन माझ्या हातात दिला आणि मागच्या दारी गेली. मी तिच्यामागे गेलो नाही. मला तेवढं आता कळतं.

डॉक्टरसाहेब, तुमच्यावर मी आयुष्यभर रागावत आलो, आणि या एका वाक्यासाठी तुमच्यापुढे मान झुकवतो. सगळ्या जगासमोर तिला 'तू कोण' विचारलंत, आणि स्वतःचा जीव कुणाच्या हाती सोपवायची वेळ आली तेव्हा तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव तुम्हाला सुचलं नाही. तुमच्या दोस्तांची गोष्ट पुन्हा मला ऐकवू नका. ते ठणठणीत आले म्हणून चिंगी चुकली, यावर तुमचाच विश्वास नाही.

पण ही गोष्ट तुम्ही माझ्यामार्फत का मागता? विभाग देतो वगैरे, असले आडवळणाचे रस्ते कशाला? ती तुमची मुलगी आहे. पोटात दुखतंय, ये, एवढं म्हणायला ज्याची जीभ रेटत नाही त्याने मला भोंगा म्हणावं?

असो. रागावलो की मला थांबता येत नाही, आणि आज थांबायचंय.

तुमचं वकीलपत्र मी परत करतो. तिने काल दुपारी इथल्या करारावर सही केली. मला विचारलं का? विचारलं. म्हणाली, "तुला जायचं असेल तर जा. मी खरंच रागावणार नाही. सभा हव्यात तुला." मी म्हटलं, थोरल्या सिस्टरांचं म्हणणं आहे की अतिदक्षता विभागात नळी घातलेल्या, यंत्रावरच्या, घाबरलेल्या रोग्यांशी बोलणारा माणूस लागतो. पगार नाही, माईक नाही. मी हो म्हणून आलोय. व्याकरण उघडलंय. ती हसली आणि म्हणाली, "पाढे नको हं. लोक पळून जातील." मी म्हटलं, त्यांना पळता येत असतं तर तुझ्या विभागात कशाला आले असते?

वीस वर्षं मी लोकांना सांगत होतो की माणसाने माणसाच्या बाजूने उभं राहावं. उभं कसं राहतात ते मी या गावात पाहिलं: हनुवटीखाली दोन बोटं, नजर छातीवर, आणि तोंडातून शब्द नाही. तुम्ही तिला शिकवलंत हे. तुम्हाला आठवत नसेल कदाचित, पण असं उभं राहणं कुणी पुस्तकातून शिकत नाही.

हे पत्र मी तिला वाचायला दिलं. ती म्हणते, फार लांबलंय. खालची जागा तिने मागून घेतली आहे. मी गप्प बसतो.

बाबा,

मी परत येणार नाही. इथे राहणार आहे. पण पुढच्या महिन्यात आठवड्याची रजा घेऊन येते. सगळे रिपोर्ट, रक्ताचे आणि सोनोग्राफीचे, आधी मला पाठवा. लपवून ठेवलेलेसुद्धा. आल्यावर मी तुम्हाला तपासेन आणि मग दिवस मी ठरवेन. कापणारं कोण ते तुम्ही ठरवा.

तोपर्यंत तळलेलं बंद. कळ आली तर आईपासून लपवायचं नाही, तिला उठवायचं. जिना सावकाश चढा.

आणि सिगारेट आजपासून बंद. गच्चीवरची सुद्धा.

चिंगी